कार्ताहेनाचा इतिहास पायी कसा वाचावा

वसईच्या किल्ल्यात मी सव्वीस वर्षं नववीच्या मुलांची सहल नेली. आत शिरल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "इथे राहणारी माणसं पाणी कुठलं प्यायची?" चिमाजी आप्पांनी किल्ला कधी घेतला हे मुलांना पाठ असायचं, पाण्याचं कुणालाच ठाऊक नसायचं. मग विहिरी आणि टाक्या शोधत आम्ही फिरायचो, आणि दुपारच्या डब्यापर्यंत किल्ल्याचा निम्मा नकाशा मुलांच्या पायांना समजलेला असायचा.

हीच रीत मी कोलंबियातल्या कार्ताहेना शहरात वापरली. नकाशावर इंग्रजी वळणानं वाचणारे त्याला कार्टाजेना म्हणतात. तिथे मी दोनदा गेले. पहिल्यांदा ह्यांच्या शिपवरून. हे कंटेनर जहाजावर चीफ इंजिनिअर होते आणि त्या खेपेला मी सोबत सेल करत होते. दुसऱ्यांदा ह्यांच्या निवृत्तीनंतर, नऊ दिवसांसाठी. पहिल्या खेपेला जहाज बंदरात लागल्यावर जेमतेम चार तास गावात मिळाले. रंगीत सज्जे, बोगनवेल, घोडागाड्या एवढंच पाहून परतले आणि रात्री केबिनमध्ये हळहळत बसले. एवढ्या मोठ्या तटाच्या आत जाऊन मी एकही प्रश्न विचारला नव्हता. तसं तुमचं होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

निघण्यापूर्वी एक वही करा. डावं पान कार्ताहेनासाठी, उजवं आपल्या किनाऱ्यासाठी. तिथली एखादी सनावळी डावीकडे लिहिली की तिच्यासमोर त्या सुमारास आपल्याकडे काय चाललं होतं ते मांडायचं. माझ्या वहीची सुरुवात अशी आहे: डावीकडे १ जून १५३३, पेद्रो दे एरेदियानं कार्ताहेना वसवलं, उजवीकडे डिसेंबर १५३४, गुजरातच्या बहादूरशहानं तह करून वसई पोर्तुगीजांना दिली. जेमतेम दीड वर्षाचं अंतर. त्याखाली दोन्ही पानांवर आडवी एकच ओळ आहे, १५८० ते १६४०. त्या साठ वर्षांत स्पेन आणि पोर्तुगाल यांचा राजा एकच होता, म्हणजे वसईचा कॅप्टन आणि कार्ताहेनाचा गव्हर्नर एकाच गादीचे चाकर होते. तुम्ही मालवणचे असाल तर उजव्या पानावर सिंधुदुर्ग येईल: त्याचं बांधकाम १६६४ मध्ये सुरू झालं, आणि कार्ताहेनाच्या सान फेलिपे किल्ल्याचं १६५७ मध्ये. अशी जोडी जमली की परकी सनावळी पाठ करावी लागत नाही.

पहिल्या दिवशी गावात शिरू नका. पाण्यावर जा. जुन्या शहराच्या तटाबाहेर ला बोदेगीता नावाचा धक्का आहे, तिथून बोकाचिकाला होड्या सुटतात. सकाळची होडी घ्या. डिसेंबर ते मार्च या वाऱ्याच्या दिवसांत दुपारनंतर समुद्र उचलतो आणि परतीच्या वाटेत सगळे भिजतात. ह्या फेरीत बघायचं ते बंदराचं तोंड. कार्ताहेनाची खाडी फार मोठी आणि शांत आहे, आणि तिच्यापुढे तिएर्राबोम्बा नावाचं बेट आडवं पडलं आहे. त्यामुळे खाडीला दोन तोंडं झाली. उत्तरेचं बोकाग्रांदे, म्हणजे मोठं तोंड, आणि दक्षिणेचं बोकाचिका, म्हणजे लहान तोंड. आज मोठमोठी जहाजं लहान तोंडातून आत येतात. आमचंही तसंच आलं होतं. पायलट ब्रिजवर होता, मी डेकवर उभी होते, आणि डाव्या हाताला इतका जवळ किल्ला आला की भिंतीवरचं गवत दिसत होतं. तो सान फेर्नांदो. उजव्या हाताला पाण्यातच उभा असलेला सान होसे. दोघांच्या तोफांच्या मधून गेल्याशिवाय कुणालाही आत येता येऊ नये, ही रचना.

मोठ्या तोंडाचं काय झालं? ते स्पेनच्या लष्करी इंजिनिअरांनी बुजवलं. आन्तोनियो दे अरेवालो या इंजिनिअरच्या देखरेखीखाली १७७१ ते १७७८ या काळात बोकाग्रांदेत पाण्याखाली दगडांचा बांध घातला. तो अजून तिथेच आहे. शत्रूचं जहाज अडावं म्हणून घातलेला तो बांध अडीचशे वर्षांनंतरही कंटेनर जहाजांची वाट ठरवतो. म्हणून सांगते, आधी होडीत बसा.

होडीतून परतताना पाण्याचा दुसरा प्रश्न विचारा, प्यायच्या पाण्याचा. कार्ताहेनाजवळ गोड्या पाण्याची नदी नव्हती. तिथे आधीपासून कालामारी नावाचं मूळ रहिवाशांचं गाव होतं. स्पॅनिश माणसांनी ते गाव घेतलं ते खाडीसाठी. मग घराघरांत, मठांत, किल्ल्यांत पावसाचं पाणी साठवायची टाकी बांधावी लागली. कुठल्याही जुन्या वाड्याच्या चौकात गेलात की मधोमध विहिरीसारखं तोंड शोधा, खाली टाकं असतं. मालाच्या वाहतुकीसाठी मात्र त्यांनी नदीच खाडीपर्यंत आणली: १६५० मध्ये मागदालेना नदीपासून खाडीपर्यंत कालवा खणला. कानाल देल दिके हे त्याचं नाव. तो खणायला माणसं कुठून आली, हा प्रश्न वहीत लिहून ठेवा आणि पुढे चला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळाच्या मनोऱ्याखालच्या दरवाजातून आत शिरा आणि समोरच्याच चौकात थांबा. त्याला आता गाड्यांचा चौक म्हणतात. बहुतेक लोक दोन मिनिटांत फोटो काढून पुढे जातात. मी तिथे दोन तास बसले, तुम्हीही बसा. चौकात मधोमध संस्थापक पेद्रो दे एरेदियाचा पुतळा आहे. एका बाजूला कमानींची ओळ आहे, तिथे बायका काचेच्या बरण्यांत मिठाई मांडून बसतात. त्यांतली कोकादा म्हणजे आपली नारळाची वडीच, फक्त गूळ जास्त आणि खोबरं जाड कातलेलं. साखरेत घोळलेल्या चिंचेच्या गोळ्याही मिळतात. आणि ह्याच चौकात आफ्रिकेतून आणलेल्या माणसांचा बाजार भरायचा. दक्षिण अमेरिकेतल्या स्पॅनिश मुलखासाठी गुलाम उतरवण्याचं सर्वांत मोठं अधिकृत बंदर हेच होतं. ज्या साठ वर्षांत राजा एक होता त्या काळात हा पुरवठा मुख्यतः पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या हाती होता. माझ्या वहीतली ती आडवी ओळ मी तिथे बसून पुन्हा गडद केली.

एरेदियाच्या पुतळ्यासमोर त्याची खरी कमाई कुठली ते लक्षात घ्या. तो इथे आला आणि लवकरच दक्षिणेकडच्या सिनू खोऱ्यात शिरला. तिथल्या सेनू लोकांच्या थडग्यांवर मातीचे उंच ढिगारे असत आणि आत मृतांबरोबर सोनं पुरलेलं असे. एरेदियाच्या माणसांनी ती थडगी उकरली. शहराची पहिली श्रीमंती ही तिथून आली. पुढे त्याच्यावर गैरव्यवहाराचे आरोप झाले आणि खटल्यासाठी स्पेनला जाताना जहाज फुटून तो बुडाला. त्याच्याबरोबर आलेल्या दुभाषी बाईचा पुतळा तटाबाहेर आहे, इंदिया कातालिना. १५०९ च्या सुमारास लहान मुलगी असताना तिला इथल्याच किनाऱ्यावरून पळवून सांतो दोमिंगोला नेलं होतं. तिथे ती स्पॅनिश शिकली, आणि चोवीस वर्षांनी तिला परत आणलं ते तिच्याच लोकांशी बोलणी करायला. दोन्ही पुतळे एकाच सकाळी बघा, वेगवेगळ्या दिवशी नको.

सेनूंचं सोनं बोलिव्हार चौकातल्या सोन्याच्या संग्रहालयात आहे. तिथे दागिन्यांपेक्षा कालव्यांच्या नकाशापुढे जास्त वेळ द्या. ह्या लोकांनी पुराचं पाणी वळवायला सुमारे पाच लाख हेक्टरांवर चर आणि वाफे काढले होते, स्पॅनिश येण्यापूर्वी कित्येक शतकं. कोकणात खाजण जमिनीला बांध घालणाऱ्या माणसाला हे काम किती अवघड असतं ते वेगळं सांगायला नको.

तिथून पाच मिनिटांवर सान पेद्रो क्लावेरचं चर्च आणि मठ. क्लावेर हा कातालान जेझुइट पाद्री १६१० मध्ये आला आणि १६५४ मध्ये इथेच वारला. गुलामांचं जहाज लागलं की तो फळं, पाणी, औषधं घेऊन तळघरात उतरायचा, आजाऱ्यांची शुश्रूषा करायचा, बाप्तिस्मा द्यायचा. परंपरेनं सांगितला जाणारा बाप्तिस्म्यांचा आकडा तीन लाख आहे. स्वतःला तो "कायमचा आफ्रिकनांचा गुलाम" म्हणवायचा आणि १८८८ मध्ये त्याला संतपद मिळालं. त्याची खोली बघताना एक गोष्ट मात्र विसरू नका. जहाजात उतरणाऱ्या लोकांच्या भाषा क्लावेरला येत नव्हत्या. त्याच्याबरोबर दुभाषे असत, आणि हे दुभाषे जेझुइट कॉलेजच्या मालकीचे गुलाम होते. अंगोलाचा आंद्रेस साकाबुचे हा त्यांतला एक. क्लावेरच्या मृत्यूनंतर त्याच्या संतपदासाठी साक्षी घेतल्या तेव्हा आंद्रेसनंही साक्ष दिली, म्हणून त्याचं नाव आपल्यापर्यंत आलं. मी त्या अंगणात बसून डाव्या पानावर क्लावेरच्या आधी आंद्रेसचं नाव लिहिलं. वसईच्या किल्ल्यातही जेझुइटांचं चर्च आहे. त्याची कमान मी शंभरदा दाखवली असेन, पण तिथले दुभाषे कोण होते हे कधी विचारलं नव्हतं.

इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, वाडा त्याच दुपारी उरकता येतो. गोव्याचं इन्क्विझिशन १५६० चं, इथलं १६१० चं. गोव्यातली ती इमारत कधीच पाडली गेली, इथली उभी आहे, म्हणून आपण बघायची. भव्य दरवाजा १७७० चा आहे. तो सोडून बाजूच्या गल्लीत वळा. भिंतीत क्रॉसखाली एक लहानशी खिडकी आहे. शेजाऱ्याविरुद्धची चुगली तिथून आत जायची. इथे ज्यांच्यावर खटले चालले त्यांत पोर्तुगीज व्यापारी होते, छुपे ज्यू असल्याच्या संशयावरून, आणि औषधपाणी करणाऱ्या आफ्रिकन वंशाच्या बायका होत्या. गुलामगिरीत जन्मलेल्या पावला दे एगिलुसवर चेटकाचा आरोप ठेवून तीन वेळा खटला चालवला. शिक्षा म्हणून तिला इस्पितळात राबायला लावलं, आणि गावातली बडी माणसं तिच्याकडूनच उपचार करून घेत राहिली.

तट संध्याकाळी चालायचा. दिवसा दगड तापतो आणि वर सावली नाही. तटाची एकूण लांबी सुमारे अकरा किलोमीटर होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि त्यानंतर काही भाग पाडला, तरी दीड-दोन तासांची चाल सहज मिळते. चालताना हात लावून बघा. दगडात शिंपले, पोवळ्यांच्या जाळ्या दिसतील. हा पोवळ्याचा दगड समुद्रातून काढलेला आहे, आपल्यासारखा काळा पाषाण नाही. तटाचं वय एका नजरेत ठरवू नका. आधीचं गाव लाकडी होतं. १५५२ च्या आगीत ते जळालं आणि मग दगड, वीट, कौल यांखेरीज घर बांधू नये असा हुकूम निघाला. १५८६ मध्ये इंग्रज फ्रान्सिस ड्रेकनं शहर घेतलं, अर्धवट बांधलेलं कॅथेड्रल तोफांनी फोडलं आणि १,०७,००० दुकात खंडणी घेऊनच गेला. त्यानंतर बाउतिस्ता आन्तोनेल्ली या इटालियन इंजिनिअरनं तटाचा आराखडा केला आणि बांधकाम पिढ्यान् पिढ्या चाललं. तटाचं काम चालू असतानाही शहर लुटलं गेलं. १६९७ मध्ये फ्रेंच पॉइंतीस आणि त्याच्याबरोबरच्या चाच्यांनी ते धुऊन नेलं. शेवटची मोठी भर म्हणजे लास बोवेदास, तटात काढलेल्या तेवीस कोठड्या, १७९० च्या दशकातल्या. तिथे आता दुकानं आहेत. म्हणजे आज एका चालीत आपण दोनशे वर्षांचं काम पाहतो, आणि तट पूर्ण झाल्यावर वीस-पंचवीस वर्षांत स्पेनच इथून गेला.

सान फेलिपे किल्ला सकाळी, दार उघडताक्षणी. मी आधी एकदा भर दुपारी चढले होते आणि उन्हानं चक्कर येऊन भुयाराच्या तोंडाशी बसावं लागलं होतं. पाणी, टोपी आणि रबरी तळव्यांचे बूट घ्या, उतार गुळगुळीत झालेला आहे.

इथे वाचायचं ते १७४१. उजव्या पानावर माझ्याकडे १७३९ आहे: फेब्रुवारी ते मे वेढा, सुरुंग, सान सेबास्तियनचा बुरूज, वसई मराठ्यांच्या हाती. त्याच वर्षी इंग्लंड आणि स्पेन यांचं युद्ध पेटलं आणि १७४१ च्या मार्चमध्ये अॅडमिरल एडवर्ड व्हर्नन सुमारे १८० जहाजं आणि पंचवीस हजारांच्या आसपास माणसं घेऊन कार्ताहेनासमोर उभा राहिला. आत तीन-चार हजार लढणारे आणि सहा युद्धनौका. नौदलाचा सेनापती ब्लास दे लेसो, आधीच्या लढायांत एक पाय आणि एक डोळा गमावलेला, एक हात निकामी झालेला. व्हर्ननने बोकाचिका फोडलं, खाडीत शिरला, आणि इंग्लंडमध्ये विजयाची पदकंही निघाली. पण २० एप्रिलला सान फेलिपेवर चढाई केली तेव्हा शिड्या तोकड्या पडल्या. मग पाऊस आला, त्याबरोबर पीतज्वर आला, आणि मेमध्ये उरलेली माणसं घेऊन आरमार परत फिरलं. लेसो त्याच सप्टेंबरात इथे वारला.

गाइड हे रंगवून सांगतात आणि ते ऐकण्यासारखं असतं. फक्त एक लक्षात ठेवा: समोर जो प्रचंड किल्ला दिसतो तो व्हर्ननने पाहिलाच नाही. तेव्हा टेकडीच्या माथ्यावर लहानसाच गड होता. खालचे अजस्र बुरूज आणि भुयारांचं जाळं अरेवालोनं १७६२ नंतर वाढवलं. कुठल्याही किल्ल्यात गाइडला विचारा, "त्या लढाईच्या दिवशी ह्यातलं काय उभं होतं?" आणि त्या लढाईचा गोळा पाहायचा असेल तर सांतो तोरिबियो चर्चमध्ये जा. खिडकीतून आत आलेला तोफगोळा तिथे जपून ठेवलेला आहे. २०१४ मध्ये इथे मेलेल्या इंग्रज सैनिकांच्या स्मरणार्थ पाटी बसवली होती, ब्रिटनचे तेव्हाचे युवराज चार्ल्स तिच्या अनावरणाला आले होते. गावकरी चिडले आणि काही दिवसांत ती काढावी लागली. पावणेतीनशे वर्षं झाली तरी वेढा लोकांच्या मनात आहे.

किल्ल्यावरून चालत हेत्सेमानी वस्तीत उतरा. वसईला जसा जमीन दरवाजा आणि दर्या दरवाजा, तसा कार्ताहेनाचा जमीन दरवाजा इथे होता, मेदिया लुना, म्हणजे अर्धचंद्र. दरवाजा पाडून टाकला, रस्त्याला नाव तेवढं उरलं. इथे सुतार, लोहार, मुक्त झालेले काळे कारागीर राहायचे. ११ नोव्हेंबर १८११ ला पेद्रो रोमेरो या कारागिराच्या पुढाकारानं हीच माणसं भाले घेऊन तटाच्या आत घुसली आणि स्पेनपासून पूर्ण स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या व्हायला लावल्या. १८१५ मध्ये स्पॅनिश सेनापती मोरिय्योनं शंभराहून अधिक दिवस वेढा घातला. इंग्रजांना दाद न देणारं शहर उपासमारीनं पडलं. सुमारे एक तृतीयांश माणसं गेली. संध्याकाळी त्रिनिदाद चौकात पेद्रो रोमेरोच्या पुतळ्यापाशी बसा, मुलं चेंडू खेळत असतात.

शेवटचा पूर्ण दिवस सान बासिलियो दे पालेंकेसाठी ठेवा. शहरापासून सुमारे पन्नास किलोमीटर. बसनं फाट्यावर उतरायचं आणि तिथून मोटरसायकलवाला गावात सोडतो. बेन्कोस बियोहो हा गुलाम १५९९ च्या सुमारास कार्ताहेनाहून पळाला, दलदलीत आणि रानात त्यानं पळालेल्या माणसांना एकत्र केलं. गव्हर्नरांनी त्याच्याशी तह केला, आणि तरीही १६२१ मध्ये त्याला पकडून फाशी दिलं. पण पळालेल्या गुलामांची गावं संपली नाहीत, आणि अठराव्या शतकाच्या सुरुवातीला पालेंकेशी सरकारला समझोता करावा लागला. तिथे आजही स्पॅनिश आणि आफ्रिकेतल्या बांटू भाषांमधून घडलेली स्वतःची बोली बोलतात. शहरात रंगीत झगे घालून फळांची पाटी डोक्यावर घेणाऱ्या बायका ह्याच गावच्या. नुसता फोटो काढू नका, त्यांच्याकडून आलेग्रिया विकत घ्या. तो लाह्या, खोबरं आणि गुळाचा लाडू आहे, राजगिऱ्याच्या लाडवाच्या जवळचा.

पालेंकेच्या पानासमोरचं उजवं पान प्रवासात भरायची घाई करू नका. माझं ते पान सात महिने कोरं होतं. पश्चिम किनाऱ्यावरच्या पोर्तुगीज ठाण्यांतही आफ्रिकेतून आणलेले गुलाम होते, हे मी वाचलेलं होतं, शिकवलं मात्र कधी नव्हतं. निवृत्तीनंतरही शाळा मला सहलीला बोलावते. यंदा जानेवारीत मुलांना घेऊन दर्या दरवाजाशी उभी राहिले, पाण्याचा प्रश्न विचारला, टाक्या शोधून झाल्या. मग भिंतीला हात लावायला सांगितला आणि दुसरा प्रश्न विचारला, "हे दगड कुणी वाहिले असतील?" एक मुलगी म्हणाली, "बाई, त्यांची नावं कुठे लिहिली आहेत?" तिचा प्रश्न मी उजव्या पानावर लिहिला आहे, तिच्या नावासकट.